फोटोसाठी झोपमोड नको

प्रश्न : आम्ही ठाण्यात राहतो. मुलगी सात वर्षांची आहे आणि मुलगा अडीच वर्षांचा. येत्या जानेवारीत सासऱ्यांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत असल्यामुळे संक्रांतीनंतरच्या शनिवारी आम्ही सगळे वाईच्या घरी जमणार आहोत : सासू-सासरे, आम्ही चौघे, मोठे दीर, जाऊबाई, त्यांची तेरा वर्षांची मुलगी, आणि नणंद व तिचे यजमान, असे अकरा जण. सकाळी सहाला ठाण्याहून निघायचे, दुपारी तीनला जवळच्या मेणवलीच्या नदीकाठच्या घाटावर फोटोग्राफर बोलवायचा आणि संध्याकाळी सहाला घरी धाकट्याचे बोरन्हाण करायचे, असे ठरते आहे. गेल्या वर्षी आम्ही एका स्टुडिओत फोटो काढले. मुलगा चाळीस मिनिटे रडला, मी त्याच्यावर ओरडले, नवरा बाहेर जाऊन उभा राहिला, आणि जो फोटो आज दिवाणखान्यात लावला आहे त्यात माझे डोळे लाल आहेत. यंदा तसे व्हायला नको. कपडे कोणते घ्यावेत (सासूबाईंना आपल्या जांभळ्या पैठणीला साजेसे सगळ्यांनी जांभळे घालायला हवे आहे, जाऊबाईंना पांढरे), मुलाला मोबाइल दाखवावा का, आणि एवढे करूनही तो रडलाच तर काय करावे?

उत्तर : ताई, तुम्ही विचारलेत कपड्यांविषयी आणि मोबाइलविषयी, पण पत्र वाचताना मी अडले ते तुमच्या वेळापत्रकावर. सकाळी सहाला निघायचे म्हणजे अडीच वर्षांच्या मुलाला साडेपाचला अर्धवट झोपेत उचलून गाडीत ठेवायचे. सुरूर फाट्यावरून वाईकडे वळेपर्यंत तो कधीतरी भलत्याच वेळी झोपून उठलेला असणार, पोहोचल्यावर आजी, आत्या, काका, काकू यांच्या कडेवरून फिरणार, दुपारी एकला अनोळखी खोलीत झोपायला साफ नकार देणार, आणि तीन वाजता, म्हणजे घरी तो ज्या वेळी गाढ झोपलेला असतो नेमक्या त्या वेळी, तुम्ही त्याला जरीचे कपडे घालून दगडी पायऱ्यांवर उभा करणार. त्यानंतर तीन तासांनी काळे कपडे, हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून बोरे-चुरमुरे ओतणारी वीस माणसे. अशा दिवसात मोठा माणूससुद्धा कुणावर तरी खेकसेल. गेल्या वर्षी स्टुडिओत तो रडला तेव्हा घड्याळात किती वाजले होते, हे एकदा आठवून पाहा. माझा अनुभव असा आहे की निम्म्या रडण्यांचे कारण तिथेच सापडते.

मी वीसेक वर्षे घरगुती समारंभांचे फोटो काढले आहेत, आणि हा धडा मला परक्यांच्या नव्हे, माझ्या स्वतःच्या मुलीने दिला आहे. तिच्या पहिल्या वाढदिवसाला फोटो काढायला माझा एक सहकारी लांबून आला होता आणि त्याला परतीची गाडी गाठायची होती, म्हणून मी तिला दुपारच्या झोपेतून उठवले. त्या अल्बममध्ये एकोणतीस फोटो आहेत आणि त्यांतल्या सव्वीस फोटोंत मुलीची पाठ आहे. ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून बसली होती आणि मी तिच्या पाठीवर थोपटत कॅमेऱ्याकडे बघून हसत होते.

म्हणून पहिली गोष्ट अशी करा की घाटावरचे फोटो रविवारी सकाळी घ्या. शनिवारी हवे तेव्हा निघा, हवे तेव्हा पोहोचा, मुलाला आजीच्या घराची, तिथल्या माणसांची आणि त्या आवाजांची सवय होऊ द्या. जानेवारीच्या मध्यात आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. वाई डोंगरांच्या कुशीत असल्यामुळे कोवळे ऊन पायऱ्यांवर प्रत्यक्षात कधी उतरते, हे शनिवारी किंवा त्याच्या आदल्या दिवशी घरातल्या कुणीतरी जाऊन डोळ्यांनी पाहून ठेवावे. मूल उठले, दूध प्यायले, उपमा किंवा मऊ भात पोटात गेला, एकदा शी-शू झाली आणि साडेआठला तुम्ही घाटावर आहात, असा हिशेब धरा. पावणेदहापर्यंत सगळे आटोपते. त्या वेळचे ऊन तिरपे असल्यामुळे चेहऱ्यावर सपाट आणि मऊ पडते, तीनच्या उन्हासारखे डोळे मिचकवायला लावत नाही, आणि शनिवार-रविवारी मेणवलीला येणारी पर्यटकांची गर्दीही तोवर फारशी वाढलेली नसते. संक्रांत झाली की लग्नाचे मुहूर्त सुरू होतात आणि फोटोग्राफर मंडळींचे रविवार भराभर भरतात, तेव्हा हा बदल त्यांना आजच कळवा. त्यांना सकाळ जमत नसेल, तर दुपारची झोप पूर्ण झाल्यानंतरचा साडेचार ते पावणेसहा हा काळ मागा. तीन वाजता मात्र नको.

आता ‘नीट बस’, ‘हलू नकोस’, ‘इकडे बघ’ या तीन वाक्यांविषयी. मुलांच्या फोटोच्या वेळी घरातली सगळी मोठी माणसे हीच वाक्ये आळीपाळीने म्हणत असतात, आणि त्यांना एक जुने कारण आहे. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली, त्या काळात एक फोटो उमटायला काही सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ लागत असे, आणि तेवढा वेळ माणूस हलला की चेहरा पुसट होई. मोठ्यांच्या डोक्यामागे लोखंडी टेकू लावत. तान्ह्या मुलांसाठी त्या शतकात युरोप-अमेरिकेत एक विलक्षण युक्ती रूढ होती : आईलाच कापडाखाली झाकून खुर्चीसारखी बसवत आणि तिच्या मांडीवर मूल ठेवत, म्हणजे मूल स्थिर राही आणि चित्रात आई दिसत नसे. आज तुमच्या फोटोग्राफरचा कॅमेरा सेकंदाच्या पाचशेव्या हिश्शात धावत्या मुलाचा स्पष्ट फोटो घेतो. मुलाने स्थिर बसण्याची गरज यंत्राला उरलेली नाही, ती फक्त आपल्या जिभेवर राहिली आहे. तेव्हा फोटोग्राफरशी बोलताना त्यांना एवढेच सांगा की मुले चालत, खेळत, खात असतील आणि त्यांनी त्यांच्या मागून फिरावे. जे फोटोग्राफर यावर नाखूश होऊन ‘पण पोझ तर द्यावीच लागेल’ म्हणतील, ते लग्नासाठी उत्तम असतील, तुमच्या कामाचे नाहीत.

मुलांना करायला काहीतरी खरे काम द्या. खोटे काम मुलांना लगेच कळते. जानेवारीत वाईच्या बाजारात हरभऱ्याचा डहाळा आलेला असतो. त्याच्या दोन जुड्या घाटावर न्या आणि आजोबांना नातवाला घेऊन पायरीवर घाटे सोलायला बसवा. मी एकदा असाच फोटो घेतला होता : आजोबा सोलत होते, नातू दाणे खात होता, आणि थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आले की आजोबांच्या तोंडात एकही दाणा गेलेला नाही, तेव्हा त्याने स्वतःच्या तोंडातला, अर्धा चावलेला, ओला दाणा काढून त्यांच्या ओठांवर टेकवला. आजोबांनी एक क्षण त्या दाण्याकडे पाहिले आणि तोंड उघडले. त्या घरात आज तोच फोटो लावलेला आहे, सगळ्यांनी ओळीत उभे राहून काढलेला नाही. तुमच्या मुलासाठी मात्र एक काळजी घ्या : कच्चा, कडक दाणा अडीच वर्षांच्या घशात अडकू शकतो, तेव्हा कोवळे दाणे बोटांनी चिरडून द्या आणि तो खात असताना त्याला पळू देऊ नका.

सात वर्षांच्या मुलीला काम द्यायचे तर मेणवलीसारखी जागा नाही. नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या त्या घाटावर देवळाशेजारी एक मोठी घंटा टांगलेली आहे, ती पोर्तुगिजांची आहे. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यानंतर तिथल्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रात ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. तिला ही गोष्ट आदल्या रात्री आजोबांनी सांगावी आणि सकाळी घाटावर गेल्यावर ‘आता ती घंटा शोधून मला दाखव’ म्हणावे. शोधणारे मूल कॅमेऱ्याला विसरते. तिच्या वयाची मुले एव्हाना फोटोसाठी एक ठरावीक हसू शिकलेली असतात, ओठ ताणून दात दाखवण्याचे, आणि ‘चीज म्हण’ म्हटले की तेच बाहेर येते. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी 1862 साली मांडले होते की खऱ्या आनंदाच्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो आणि तो स्नायू सहसा आपल्या हुकमाने हलत नाही. डोळ्यांच्या कडांना पडणारी ती बारीक घडी घंटा सापडल्यावर येईल, चीजवर येणार नाही.

घाटाबद्दल एक गंभीर सूचना. त्या पायऱ्या थेट नदीत उतरतात आणि खालच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असू शकतात. फोटो चालू असताना प्रत्येकाला वाटते की दुसऱ्या कुणाचे तरी मुलाकडे लक्ष आहे. म्हणून पूर्ण वेळ धाकट्याच्या आणि पाण्याच्या मधे उभे राहणे, एवढेच काम एका माणसाला नावानिशी नेमून द्या. नणंदेच्या यजमानांना विचारा. जावयाला काम सांगायला सासूबाईंना संकोच वाटेल, पण तुम्ही सांगू शकता.

कपड्यांचा वाद सोपा आहे, दोघींनाही थोडे-थोडे मिळेल. अकरा माणसे एकाच जांभळ्या रंगात उभी राहिली की फोटोत एक जांभळा ठिपका दिसतो आणि त्यावर अकरा डोकी. अकरा माणसे पांढऱ्यात आली तर उन्हात कापडाचा पोत फोटोतून पुसला जातो आणि सावळे चेहरे उगाच काळवंडतात. सासूबाईंची जांभळी पैठणी या दिवसाचे केंद्र आहे, तर तिच्यापासूनच सुरुवात करा : ती साडी दिवाणावर पसरा आणि तिच्यातले रंग उचला. काठाची सोनेरी छटा, पदरावरच्या मोराचा हिरवा, बुट्ट्यांतला मोतिया. मग सासऱ्यांना मोतिया रंगाचा सदरा, जाऊबाईंना हवा तो पांढरा पण मळखाऊ, सायीच्या छटेचा, तुम्ही हिरव्यात, मुलीला खणाचे परकर-पोलके. बारीक पट्ट्यांचे आणि बारीक चौकटींचे शर्ट मात्र पुरुषांना घालू देऊ नका, कारण डिजिटल कॅमेऱ्यात त्या रेषांवर कधी कधी पाण्यासारख्या लाटा उमटतात आणि त्या नंतर काढणे अवघड जाते. भडक लाल किंवा पोपटी रंगाच्या कपड्याची झाक उन्हात हनुवटीखाली चढते, हेही लक्षात असू द्या.

मुलांच्या कपड्यांचा नियम निराळा आहे. नवे कपडे विकत घेऊन थेट त्या दिवशी घालू नका. एकदा धुवा, घरी तासभर घालून खेळू द्या आणि मूल कुठे खाजवते ते पाहा. जरीच्या काठाची आतली बाजू, गळ्यामागचा लेबलाचा तुकडा आणि कमरेचा नवा इलास्टिक या तीन जागांनी मी जितके फोटो बिघडलेले पाहिले आहेत तितके पावसानेही बिघडलेले पाहिले नाहीत. लेबल कात्रीने कापा, जरीखाली सुती बनियन घाला. नव्या बुटांऐवजी जुन्या चपला चालतील, आणि अनवाणी तर सर्वांत छान, फक्त सकाळी दगड गार असतात म्हणून मोजे जवळ ठेवा. जानेवारीत वाईला साडेआठलाही थंडी असते. स्वेटर लपवण्याची धडपड करू नका. आजीने विणलेला स्वेटर घरात असेल तर तोच घाला. मुलाचे केस कापायचे असतील तर आठवडाभर आधी कापा, आदल्या दिवशी नाही. डोळ्यांत काजळ घालायचा आग्रह झाला तर हसून टाळा, कारण काही काजळांत शिशाचा अंश असतो आणि बालरोगतज्ज्ञ त्यापासून दूर राहायला सांगतात. गालावर तीट मात्र आजीला खुशाल लावू द्या, ती फोटोत फार गोड दिसते आणि आजीचाही जीव भांड्यात पडतो.

सासऱ्यांचा चश्मा कोणता आहे, हे पाहिलेत का? उन्हात आपोआप काळी होणारी काच असेल तर पंच्याहत्तरीच्या फोटोत त्यांचे डोळेच दिसणार नाहीत, आणि हे सगळ्यांच्या लक्षात येते ते फोटो हातात आल्यावर. त्यांचा जुना, साध्या काचेचा चश्मा बरोबर घ्या. साध्या काचेवर आकाश चमकत असेल तर कानावरच्या काड्या किंचित उचलल्या की काच खाली झुकते आणि चमक जाते. सासूबाईंना पायऱ्यांवर मांडी घालून बसायला लावू नका. उठताना गुडघा धरला की पुढचा अर्धा तास चेहऱ्यावर ते दुखणे राहते. घरातल्या दोन लाकडी खुर्च्या गाडीत टाका. प्लास्टिकच्या नकोत. खुर्च्यांभोवती बाकीचे कुटुंब आपोआप जमते आणि नातवंडांना हातांवर चढायला जागा मिळते.

तेरा वर्षांच्या पुतणीविषयी तुम्ही वयापलीकडे काहीच लिहिलेले नाही, म्हणून मीच लिहिते. त्या वयात स्वतःचा चेहरा कॅमेऱ्यात पाहणे हा एक छळ असतो, आणि तोंडावर मुरुमे आलेली असताना काकू-आत्या ‘अगं हस ना जरा’ म्हणू लागल्या की तो छळ दुप्पट होतो. तिला आधी एकटीला गाठून विचारा की तिला काय घालायचे आहे, आणि शब्द द्या की तिला न आवडलेला तिचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर जाणार नाही. हा शब्द पाळा. शक्य असेल तर तिच्या हातात घरातला दुसरा कॅमेरा किंवा मोबाइल द्या आणि पडद्यामागचे फोटो तिला काढू द्या. बहुतेकदा दिवसाचा सर्वांत चांगला फोटो तिच्याकडेच सापडतो.

आता मोबाइल. धाकट्याला व्हिडिओ दाखवून फोटो काढू नका. त्याची नजर खाली जाते, चेहरा रिकामा होतो, आणि व्हिडिओ काढून घेतला की जे रडणे सुरू होते ते थांबवायला तुमच्याकडे मग काहीच उरत नाही. त्याच कारणासाठी ‘नीट बसलास तर चॉकलेट देईन’ असेही म्हणू नका. त्यामुळे सगळी सकाळ परीक्षा होते आणि आपण तो नापास होण्याची वाट बघत बसतो. खाऊ हवाच, पण तो कशाच्याही बदल्यात नको, भूक लागली म्हणून हवा. केळे, खजुराचे तुकडे, घरचे मऊ लाडू असे काही, ज्याने ओठ लाल-निळे होणार नाहीत आणि सदऱ्यावर डाग पडणार नाही. एक त्याचे रोजचे खेळणे, कितीही मळके असले तरी, बरोबर ठेवा. फोटोत आले तर येऊ दे. दहा वर्षांनी तुम्हाला त्या फाटक्या कानाच्या सशाचाच उमाळा येईल.

मोठ्या गटाचा फोटो सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे मुलांना फोटोग्राफरशी ओळख करू दिल्यावर लगेच घ्या, कारण सगळे ताजे असतात तेव्हाच तो जमतो. मुलांच्या बाबतीत त्या वेळी घडते ते असे : कॅमेऱ्यामागे चार जण उभे राहतात, एक टाळी वाजवतो, एक ‘भू भू’ करून कुत्रा दाखवतो, एक किल्ल्या हलवतो, आणि मूल चार दिशांना बघत शेवटी रडू लागते. कॅमेऱ्यामागे एकाच माणसाला उभे राहू द्या. आत्याला तो ओळखत असेल तर तिचा स्वतःचा फोटो आधी काढून मग तिने उभे राहावे, किंवा एखादी शेजारची ओळखीची बाई बरोबर न्या. त्या माणसाने भिंगाच्या अगदी वर, त्याच उंचीवर आपला चेहरा ठेवावा. आणि मोठ्यांसाठी एक नियम, जो मी प्रत्येक घराला हात जोडून सांगते : मूल काहीही करत असले तरी तुम्ही कॅमेऱ्याकडेच बघत राहा. मुलाचा गोड क्षण अर्ध्या सेकंदाचा असतो, आणि तेवढ्यात आई त्याचा सदरा खाली ओढत असते, बाबा त्याला ‘अरे समोर बघ’ म्हणत असतात, आणि फोटोत मूल एकटेच शहाणे दिसते.

डोळे मिटण्याची चिंता सोडा. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेतील पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी याचा रीतसर हिशेब मांडला होता आणि त्यासाठी त्यांना 2006 साली इग नोबेल हा गमतीचा पुरस्कारही मिळाला. वीसपेक्षा कमी माणसे असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने आणि कमी उजेडात दोनने भागा, तेवढे फोटो काढले की त्यांतल्या एका तरी फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची जवळजवळ खात्री देता येते. तुम्ही अकरा आहात, म्हणजे सकाळच्या उन्हात चार फोटो. अर्थात त्या हिशेबात पापण्या मोजलेल्या आहेत. नाकात बोट घालणारा अडीच वर्षांचा मुलगा त्यांनी मोजलेला नाही, तेव्हा चाराचे पंधरा करा.

गटाचा फोटो झाला की आजी-आजोबा दोघेच, मग ते आणि नातवंडे, मग तुम्ही चौघे, आणि त्यानंतर मुलांना मोकळे सोडा. आजी-आजोबांचा दोघांचा फोटो कुणी मागत नाही आणि तेही मागत नाहीत, म्हणून आवर्जून आठवणीने घ्या. एकूण वेळ सव्वा तासापेक्षा जास्त नको, पैसे दोन तासांचे दिलेले असले तरी.

बोरन्हाण शनिवारी संध्याकाळीच करायचे असेल तर करा, ते रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालते, पण त्यातही उजेडाची एक अडचण आहे. काळे कपडे, मागे जुन्या घराचे काळपट लाकडी दार, वर एक पिवळा बल्ब आणि शेजारी पांढरी ट्यूब, अशा स्थितीत मुलाचे डोके अंधारात तरंगताना दिसते आणि अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळसर येतो. बायका सहाला येणार असल्या तरी मुलाला चार-साडेचारलाच, झोपून उठल्यावर, काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून ओसरीवर किंवा खिडकीशेजारी बसवा. पाटाखाली आणि मागे फिकट रंगाची जुनी साडी पसरा. तेवढ्या पंधरा मिनिटांत त्याचे एकट्याचे फोटो होतील. हार त्याने गळ्यातच चाटून निम्मा केला तर तो फोटो जरूर घ्या. प्रत्यक्ष ओतण्याच्या वेळी ओतणाऱ्या बाईने बाजूला उभे राहावे, कॅमेरा आणि मूल यांच्या मधे तिचा पदर येऊ नये, आणि माप फार उंच धरू नये. पहिल्या ओतण्यालाच घाबरून मुले रडतात ती उंचीमुळे. धाकट्यासाठी त्या मिश्रणातून शेंगदाणे, कडक गोळ्या आणि उसाचे करवे काढून टाका, चुरमुरे आणि लाह्या भरपूर घाला, बोरे मोठ्या मुलांनी वेचावीत.

फोटोग्राफरशी ठरवताना दोन गोष्टी लिहूनच घ्या. एक, मुलांचे फोटो तुमच्या परवानगीशिवाय ते स्वतःच्या जाहिरातीत किंवा समाजमाध्यमांवर टाकणार नाहीत. दुसरी, कुणाचाही रंग उजळ करायचा नाही. हे न सांगता होते आणि फार होते. सासऱ्यांचा उन्हाने रापलेला सावळा चेहरा जर फोटोत पिठासारखा पांढरा झाला, तर तो पंच्याहत्तर वर्षांचा माणूस आपल्याच फोटोला ओळखणार नाही. सुरकुत्याही पुसू नयेत, हेही सांगून टाका.

शेवटचा प्रश्न तुम्ही फार प्रामाणिकपणे विचारला आहे : एवढे करूनही तो रडलाच तर? तर थांबा. फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा की अशा वेळी ते मुलीचे, पुतणीचे, आजी-आजोबांचे फोटो घेत राहतील. तुम्ही किंवा नवरा, दोघांपैकी एकच जण, त्याला घेऊन घाटाच्या वरच्या बाजूला, कॅमेरा दिसणार नाही अशा ठिकाणी झाडाखाली जा. तिथे फोटोचे नावही काढू नका. पाणी द्या, पाखरे दाखवा, पंधरा मिनिटे गप्प बसा. रडू ओसरले तर तुम्ही हाक मारण्याआधी तोच बहुतेक ताईकडे पळत जाईल. नाही ओसरले तर त्याला घरी नेऊन झोपवा आणि त्याच्याशिवाय काढलेला गटाचा फोटो तसाच राहू द्या. दुपारी तो उठल्यावर ओसरीवर आजोबांच्या मांडीवर बसलेला असेल, तेव्हा पुतणीला सांगा की मोबाइलवर दोन फोटो काढ. नवऱ्यालाही हे सगळे आदल्या रात्रीच सांगून ठेवा, म्हणजे गेल्या वर्षीसारखे त्यांना बाहेर जाऊन उभे राहावे लागणार नाही. आणि तुमच्या स्वतःच्या चहाचा एक थर्मास गाडीत असू द्या, कारण सकाळी साडेसातपासून सगळ्यांना तयार करताना तुम्ही काहीही खाल्लेले नसणार.